हृदयाची चुकलेली पाइपलाइन

गेल्या टर्मला इंटर-होस्टेलच्या १५०० मीटरमध्ये माझा रूममेट तिसऱ्या राउंडला पळता पळताच धाडकन पडला. शुद्धीवर आल्यावर आम्ही एकमताने निदान केलं, "मेसचा नाश्ता बुडवलास, दुसरं काय!" ग्लुकोज पाजलं आणि संध्याकाळी हा पठ्ठ्या व्हॉलीबॉल खेळायला हजर. रेक्टर सरांनी मात्र दुसऱ्या दिवशी त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी, इको सगळं नॉर्मल आलं. पण डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते सगळ्यांना कळायला हवं, म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाला, शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. त्यासाठी महाधमनीच्या अगदी सुरुवातीला दोन नळ्या फुटतात, डावी आणि उजवी कोरोनरी. गंमत अशी, की हृदयाच्या डाव्या भागाला हे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतं. पळताना ठोके ७० वरून १८० वर जातात. म्हणजे मागणी वाढते आणि भरायला वेळ कमी!

काही जणांचं हे पाइपिंग जन्मतःच चुकलेलं असतं. डावी नळी उजव्या बाजूने निघते आणि महाधमनी व फुफ्फुसाकडे जाणारी धमनी यांच्या मधून वाट काढते. तिचं तोंडही बऱ्याचदा गोल नसून चिरेसारखं असतं. बसल्या जागी काहीच त्रास नाही. जोरात पळताना मात्र ती दबते, स्नायूला रक्त कमी पडतं आणि हृदयाची लय बिघडू शकते.

आणखी एक प्रकार म्हणजे नळीच नसणं. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच कॉलेजात मॅचमागे सरासरी ४४.२ पॉइंट करायचा. पुढे एनबीएत १० सीझन खेळला. ५ जानेवारी १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात साधा हौशी गेम खेळताना तो कोसळला आणि गेला. वय फक्त ४०. शवविच्छेदनात कळलं, त्याला डावी कोरोनरी नव्हतीच! इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा "तो फिट आहे, त्याला काय होणार" असं म्हणू नका. साधा ईसीजी अशा वेळी नॉर्मल येऊ शकतो, कधीकधी स्ट्रेस टेस्टसुद्धा. नळ्या कुठून निघतात ते इकोत बघावं लागतं आणि खात्री सीटी अँजिओग्राफीने होते. वेळेवर सापडलं तर ऑपरेशनने वाट मोकळी करता येते.

म्हणून दोस्तांनो, ऐन खेळताना कुणी बेशुद्ध पडलं किंवा छातीत दुखलं, तर ग्लुकोजवर भागवू नका. खेळ बंद, आधी डॉक्टर. आणि पडलेला हलत नसेल, श्वास नीट नसेल, तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका.

रूममेट आता रोज पळतो. नाश्ताही बुडवत नाही.