काठावरचा दगड, पाण्यातला बिंदू

पिट्सबर्गहून ओहायो नदीच्या कडेकडेने निघालात, तर पेन्सिल्व्हेनिया संपून ओहायो राज्य सुरू होतं तिथे, ईस्ट लिव्हरपूल गावाजवळ, रस्त्यालगत एक छोटं स्मारक लागतं. गाडी वेगात असेल तर लक्षातही येणार नाही. पण तुम्ही अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहत असाल, तर तुमच्या रस्त्याची दिशासुद्धा बहुधा या जागेशी बांधलेली आहे.

स्मारकावरचा मजकूर नीट वाचा. अमेरिकेच्या सरकारी जमिनीच्या मोजणीचा आरंभबिंदू 'इथे' आहे असं तो म्हणत नाही. तो इथून 1112 फूट दक्षिणेला होता, असं म्हणतो. दक्षिणेला तर नदी! 20 ऑगस्ट 1785 ला सीमा आखणाऱ्यांनी उत्तर काठावर खुंटी ठोकली होती. पुढे जहाजांसाठी ओहायोवर बंधारे झाले, पाणी चढलं आणि ती जागा बुडाली. स्मारक 1960 मधलं आहे. म्हणजे आपण पाहतो तो दगड मूळ खुंटीचा फक्त साक्षीदार.

त्या खुंटीपासून 30 सप्टेंबर 1785 ला थॉमस हचिन्स यांनी पश्चिमेकडे रेघ ओढायला घेतली. कायदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात झाला होता. जमिनीचे सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन पाडायचे. प्रत्येकात एक-एक चौरस मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे, 36 तुकडे. त्यातला 16 नंबरचा तुकडा शाळेसाठी राखीव. डोंगर असो, ओढा असो, रेघ सरळच जाणार. विमानातून खाली बुद्धिबळाच्या पटासारखी शेतं दिसतात ना, ती याच पद्धतीतून आली.

मोजायचं साधन होतं साखळी. गंटरची साखळी 66 फुटांची, 80 साखळ्यांचा मैल, 10 चौरस साखळ्यांचा एकर. आता गावाकडचा जुना सातबारा आठवा. त्यावर 'गुंठा' असायचा. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, बरोबर अर्धी साखळी बाय अर्धी साखळी. म्हणून तर 40 गुंठ्यांचा एकर होतो. इंग्रजांचा एकर ओहायोतही गेला आणि आपल्या बांधावरही आला.

पण एक गोष्ट स्मारक सांगत नाही. ही जमीन रिकामी नव्हती. डेलावेअर, वायंडॉट, शॉनी हे लोक या प्रदेशात राहत होते. जानेवारी 1785 मध्ये फोर्ट मॅकिंटॉशला तह झाला, पण त्यावर सही करणाऱ्यांत शॉनी नव्हते. हचिन्स यांची माणसं जेमतेम चार मैल गेली, तेवढ्यात पुढे हल्ला झाल्याची खबर आली आणि काम थांबलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं. जमिनीवरून लढाया मात्र चालूच राहिल्या. 1795 च्या ग्रीनव्हिल तहात तिथल्या जमातींना आजच्या ओहायोचा बराचसा भाग सोडावा लागला. जमीन आपली झाली की मग मोजायची, असा आपला समज असतो. इथे मोजणी हाच ती ताब्यात घेण्याचा एक मार्ग होता.

बांध कोरण्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या तुम्ही ऐकल्या असतील. वीतभर जमिनीसाठी पिढ्या भांडतात, कारण रेघ कुठे आहे हे ठरवणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं.

तेव्हा पुढच्या वेळी नदीकाठी, पुलाजवळ किंवा टेकडीवर मोजणीची खूण दिसली, तर फोटो काढून लगेच निघू नका. तीन प्रश्न विचारा. खरा बिंदू इथेच आहे, की दुसरीकडे? खूण कोणी आणि कधी बसवली? आणि रेघ पडली तेव्हा तिथे कोण राहत होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा दगडावरच सापडतात. तिसऱ्यासाठी जवळच्या वाचनालयात जावं लागेल. तिथे आधी जुने नकाशे मागा.