चालू झाली, पण बरी झाली का?

गिरगावात ठाकूरद्वारच्या एखाद्या चाळीच्या चौकात रविवारी सकाळी कुणी स्कूटरचं ऑइल बदलायला बसलं, की गॅलरीतून तीन-चार तज्ज्ञ आपोआप उगवतात. काम संपतं, बटण दाबलं जातं, इंजिन धडधडतं आणि वरून निकाल येतो, 'चालू झाली ना? मग झालं!'

पहिली फसगत इथेच होते. ऑइल कमी असलं तरी इंजिन सुरू होतं. पिस्टन-सिलिंडरवर ओरखडे पडतात ते गाडी रस्त्यावर तापल्यावर. म्हणून कानापेक्षा ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर विश्वास ठेवावा.

पण तीही नीट वाचायला हवी. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरची पट्टी मोजताना आट्यांत पिळायची नसते. पुसायची, नुसती आत टेकवायची आणि काढून बघायची. पिळून बसवली तर ती खोल जाते, पातळी जास्त दिसते आणि अपुरं ऑइल पुरेसं वाटतं. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर हवी, फुटपाथच्या उतारावर नाही. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग मोजा.

'थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं?' हाही लाडका समज. 110 सीसीच्या स्कूटरला ऑइल बदलताना साधारण 650 ते 700 मिलिलीटर पुरतं. लिटरची बाटली उपडी केलीत तर आतले फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो आणि जादा ऑइल एअर फिल्टरपर्यंत पोचतं.

स्पार्क प्लगच्या बाबतीत 'जितका घट्ट तितका बरा' म्हणणाऱ्याच्या हातून पाना काढून घ्यावा. प्लग बसतो ते सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे सहज जातात. प्लग आधी बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. अडला तर जोर न लावता उलटा काढून पुन्हा लावा. वायसरवाला नवा प्लग टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. नंतर तिथे फुसफुस ऐकू आली किंवा काजळी दिसली, तर तो नीट बसलेला नाही.

धूर दिसला म्हणजे इंजिन गेलं, असंही नाही. सायलेन्सरवर सांडलेलं ऑइल बाहेरून जळतं आणि थोड्या वेळात थांबतं. मात्र सायलेन्सरच्या तोंडातून निळसर धूर येतच राहिला, तर ऑइल आत जळतंय.

पावसाची गोष्ट निराळी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, गिरगावाच्या जवळच्या कुलाब्याला जेमतेम 73. पण दादर-परळला पाण्यात अडकलेली गाडी आपल्याच चौकात ढकलत आणली जाते, आणि 'प्लग पुसून किक मार' असा सल्ला मिळतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी पट्टी काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर किकला पायही लावू नका. गाडी ढकलतच गॅरेजला न्या.