सार्वजनिक स्थळे, नागरी : सुरक्षा व रचना

शहरातील चौक, मैदाने, उद्याने, स्थानके, बाजारपेठा इ. सर्वांस खुल्या असलेल्या जागांचे घातपात, गुन्हे व अपघात यांपासून रक्षण करताना त्यांचा मोकळेपणा, सोय व सौंदर्य कसे राखावे, हा नगररचनेतील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

वसाहतीच्या आखणीत संरक्षणाचा विचार प्राचीन आहे. गावकूस, वेस व गढी ही त्याची महाराष्ट्रातील परिचित रूपे असून इंदापूरची मालोजीराजांची गढी व बारामतीतील कऱ्हाकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा ही त्यांपैकीच होत. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तींची धडक रोखणारे अणकुचीदार खिळे आहेत. मोठा दरवाजा बंद ठेवून माणसे दिंडी दरवाजाने आत घेता येत. येथे संरक्षणाचे साधन वास्तूचेच अंग होते. मात्र आतले व बाहेरचे असा भेद त्यामागे गृहीत होता; आधुनिक सार्वजनिक स्थळी तो करता येत नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या गोळीबारात ५० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर अनेक स्थानकांत धातुशोधक चौकटी व वाळूच्या पोत्यांचे मोर्चे दिसू लागले. उपनगरी गाड्यांच्या गर्दीत प्रत्येकाची झडती अशक्य असल्याने अशा चौकटी पुष्कळदा नुसत्या वाजत राहतात. कसोशीने तपासावे, तर रांग वाढून तिचीच गर्दी धोक्याची ठरते. वाटा अरुंद करणे हेही निर्धोक नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले, ते कोणत्याही घातपाताविना.

जेन जेकब्झ यांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादिले, की रस्त्यावरील वर्दळ व घरादुकानांतून त्याकडे असणारी नजर हेच त्याचे मुख्य संरक्षण होय. ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये निवासी वसाहतींच्या संदर्भात याच दिशेने विचार मांडला. उंच भिंतींनी ही नजर अडते. म्हणून वाहने रोखण्यासाठी बसण्याजोगे कठडे, ठेंगणे खांब, पायऱ्या किंवा झाडांचे पार योजणे श्रेयस्कर मानतात. वॉशिंग्टन स्मारकाभोवती २००१ नंतर प्रथम काँक्रीटचे ओबडधोबड अडथळे होते; २००५ मध्ये त्यांऐवजी ग्रॅनाइटच्या वळणदार, बसक्या भिंती बांधण्यात आल्या. वाहनांना त्या अडवितात आणि लोक त्यांवर बसतात.

लहान शहरांत हा प्रश्न निराळ्या रूपात उद्‌भवतो. बारामती व इंदापूर येथे संत तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामास असते, तेव्हा एरवीच्या रहदारीच्या रस्त्यांवरून वारकऱ्यांचा प्रचंड समुदाय जातो. अशा ठिकाणी पक्के अडथळे उभारल्यास गर्दीची कोंडी होते. काढता-घालता येणारे खांब, पुरेसा उजेड आणि बाहेर पडण्याच्या अनेक रुंद वाटा येथे अधिक उपयुक्त ठरतात.