आवाजाच्या फायलींचा दुभाषी : सॉक्सची तेहतीस वर्षं

१९९१ साली एका संगणकावर मुद्रित केलेला आवाज दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर नेला, तर बहुधा तो वाजतच नसे. सनच्या स्पार्कस्टेशनवर एयू फाइल चाले, ॲपलच्या यंत्रावर एआयएफएफ, अमिगावर ८एसव्हीएक्स आणि साउंड ब्लास्टर कार्ड बसवलेल्या पीसीवर व्हीओसी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी वेव्ह आणली आणि यादीत आणखी एकाची भर पडली. सनचा आवाज टेलिफोनच्या जातीचा होता, सेकंदाला ८००० सॅम्पल (म्हणजे आवाजाची मोजमापं) आणि दर सॅम्पलला एक बाइट. नेक्स्टच्या संगणकावरची फाइल दिसायला तशीच, पण तिचा वेग ८०१२च्या आसपास. माणसाचं बोलणं एकच, पण ते साठवायच्या तऱ्हा कंपनीगणिक वेगळ्या.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये लान्स नॉर्स्कोग या प्रोग्रामरनं यूजनेट या संगणकी चर्चाजाळ्यावर एक छोटा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. त्याचं नाव ‘ऑरल एक्स्चेंज’, आणि पुढे ओळख म्हणून ‘ध्वनी-सॅम्पलचा भाषांतरकार’ अशा अर्थाचे शब्द. नोव्हेंबरमध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा नाव बदलून ‘साउंड एक्स्चेंज’ झालं आणि त्याचंच आखूड रूप सॉक्स रूढ झालं. प्रोग्रामच्या मूळ फायलींच्या माथ्यावर ५ जुलै १९९१ ही तारीख आहे. तिच्याखालच्या दोन-तीन ओळींत हे लेखन कुणीही, कशासाठीही वापरावं अशी मोकळीक दिली आहे. हक्क नोंदवले आहेत ते ‘लान्स नॉर्स्कोग आणि इतर अनेक हातभार लावणारे’ यांच्या नावे. एकट्यानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून त्या ‘इतरां’साठी जागा राखलेली होती, आणि सॉक्स इतका का टिकला याचं अर्धं उत्तर त्या शब्दांत आहे.

हे भाषांतर म्हणजे नेमकं काय, हे जवळून बघण्यासारखं आहे. मराठीत आकडा उच्चारताना एकक आधी येतो. ‘अठ्ठेचाळीस’ ऐकताना आठ आधी कानावर पडतो, चाळीस मागून. लिहिताना मात्र चार आधी आणि आठ नंतर. संगणकांतही असेच दोन पंथ होते. सोळा बिटांचं एक सॅम्पल दोन बाइटांत मावतं. सन आणि ॲपलची तेव्हाची यंत्रं मोठा बाइट आधी ठेवत, तर इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारा पीसी लहान बाइट आधी ठेवी. एकाची फाइल दुसऱ्यानं आपल्या क्रमानं वाचली, की १ या किमतीचे २५६ होत आणि २५६चा १. गाण्याच्या जागी मग कढईत मोहरी तडतडावी तसा नुसता चरचराट ऐकू येई. त्यात गाण्याचा मागमूस नसे. सॉक्स दर दोन बाइटांची अदलाबदल करी, फाइलच्या सुरुवातीची माहिती नव्या पद्धतीनं लिही आणि तोच चरचराट पुन्हा गाणं होई. काम एवढंच, पण ते नेमकं कुठे करायचं हे कळायला प्रत्येक कंपनीच्या फाइलची रचना बाइट न् बाइट ठाऊक असावी लागे.

ती माहिती गोळा करण्यात एका डच प्रोग्रामरचा मोठा वाटा आहे. गुइडो व्हॅन रॉसम तेव्हा ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत होता आणि १९९१च्या फेब्रुवारीत त्यानं पायथॉन या आपल्या भाषेची पहिली आवृत्ती जगापुढे ठेवली होती. आवाजाच्या फायलींच्या रचनांची एक तपशीलवार प्रश्नोत्तरी तो यूजनेटसाठी सांभाळत असे. सॉक्समधला एआयएफएफ वाचणारा-लिहिणारा भाग त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यानं लिहिला. मॅकिंटॉशच्या एचकॉम या दाबून लहान केलेल्या फायलींचा भागही त्याचाच. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. पायथॉनच्या जुन्या आवृत्त्यांसोबत टूएआयएफएफ नावाचं एक साधन येई. समोर आलेली ध्वनिफाइल एआयएफएफमध्ये बदलण्यासाठी ते पडद्यामागे सॉक्सलाच हाक मारी. आज जगभर शिकवली जाणारी ही भाषा तिच्या बाळपणी आवाजाच्या कामासाठी सॉक्सवर विसंबून होती, ही गोष्ट पायथॉन शिकणाऱ्यांना क्वचितच सांगितली जाते.

१९९५च्या सुरुवातीपर्यंत नॉर्स्कोगनं सॉक्स अकराव्या आवृत्तीपर्यंत नेला. पुढचं वर्षभर काही हललं नाही. मे १९९६मध्ये क्रिस बॅगवेल या प्रोग्रामरनं सूत्रं हाती घेतली आणि ती पुढची कित्येक वर्षं सांभाळली. सप्टेंबर २०००मध्ये प्रकल्प सोर्सफोर्ज या खुल्या प्रकल्पांच्या संकेतस्थळावर गेला आणि त्याच आठवड्यात १२.१७ ही आवृत्ती निघाली.

मधल्या काळात कामाचं स्वरूप पालटत गेलं. वेव्हचा जम बसला, अमिगा मागे पडली, आणि बाइटांच्या क्रमापेक्षा सॅम्पलच्या वेगाचा प्रश्न मोठा झाला. सीडीचा वेग सेकंदाला ४४,१०० सॅम्पल. हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमधून आला आहे. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत, आणि पडद्याच्या प्रत्येक रेघेत तीन सॅम्पल बसत. अमेरिकी-जपानी पद्धतीत २४५ रेघा गुणिले ६० गुणिले ३, युरोपीय पद्धतीत २९४ गुणिले ५० गुणिले ३. दोन्हीकडे उत्तर ४४,१००. डॅट टेप आणि व्हिडिओचं जग मात्र ४८,०००वर चालतं. या दोन आकड्यांचं गुणोत्तर १४७ः१६०. म्हणजे सीडीवरचं गाणं व्हिडिओला जोडायचं, तर दर १४७ सॅम्पलच्या जागी १६० नवी घडवावी लागतात, आणि त्यांतली बहुतेक मूळ मुद्रणात कुठेच नसतात.

ती कशी घडवायची, यावर सॉक्सचा इतिहास बराचसा फिरला आहे. सोपा मार्ग म्हणजे शेजारच्या दोन सॅम्पलमध्ये सरळ रेघ ओढायची आणि मधली किंमत उचलायची. सुरुवातीचा सॉक्स हेच करी. तेव्हाच्या यंत्रांना तेवढं झेपे, पण आवाजात खरखर येई. वेग कमी करतानाची अडचण वेगळीच. सेकंदाला ८००० सॅम्पलमध्ये ४००० हर्ट्‌झपर्यंतचीच कंपनं मावतात. त्याहून वरची आधी गाळून टाकली नाहीत, तर ती नाहीशी होत नाहीत, वेष पालटून परत येतात. ५००० हर्ट्‌झचा सूर ३०००चा होऊन ऐकू येतो, आणि गायकानं कधीच न लावलेला स्वर गाण्यात शिरतो. पुढे स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथच्या पद्धतीवर आधारलेला गाळणीचा मार्ग सॉक्समध्ये आला. त्यानंतर रॉब साइक्सनं हा सगळा भाग नव्यानं बांधला. तो इतका चांगला उतरला की सॉक्सबाहेर काढून त्याची ‘लिबसॉक्सआर’ नावाची स्वतंत्र लायब्ररी करण्यात आली. ऑडॅसिटी हा लोकप्रिय ध्वनिसंपादक वेग बदलण्यासाठी तीच वापरतो. सॉक्सचं नावही न ऐकलेल्या लाखो लोकांच्या कानावर त्याचं काम असं पोचलं.

सॉक्सला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करायचं, मग आधीच्या फाइलचं नाव, मग नव्या फाइलचं, आणि एंटर. शेवटची अक्षरं पाहून कुठल्या रचनेतून कुठल्या रचनेत जायचं ते तो ओळखतो. फाइलच्या सुरुवातीला काहीच माहिती नसेल, तर वेग, बिट आणि चॅनल आपण सांगावे लागतात. आवाज मर्यादेबाहेर गेला, तर किती सॅम्पल कापली गेली ते आकड्यात सांगतो आणि आवाज कमी करून बघता का, असं विचारतो. चोवीस बिटांवरून सोळावर उतरताना बारीक गुणगुण आपणहून मिसळतो, म्हणजे हळू आवाजाच्या टोकाशी खरखरीत पायऱ्या उमटत नाहीत. फाइलच्या नावाऐवजी नुसती आडवी रेघ दिली, तर तो एका प्रोग्रामचं पाणी दुसऱ्याच्या पाटात सोडावं तसा आवाज पुढे ढकलतो, डिस्कवर काहीच लिहीत नाही.

या शेवटच्या गुणामुळेच तो पुढे वाणी-ओळखीच्या संशोधनात रुजला. २०११मध्ये खुल्या झालेल्या काल्डी या साधनसंचाच्या कितीतरी पाककृतींत, म्हणजे त्यांच्या तयार आज्ञावल्यांत, सॉक्सची एक ओळ असतेच. इथे मराठीचा संबंध थेट येतो. २०२०मध्ये गूगलच्या संशोधकांनी सहा भारतीय भाषांची ध्वनिमुद्रणं मुक्त परवान्यानं खुली केली. त्यांतला मराठी भाग स्त्रियांच्या आवाजातला आहे आणि वेग ४८,०००. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी बोलणाऱ्यांनी आपण होऊन दिलेली वाक्यं आहेत, पण ती एमपी३मध्ये. बोलणं ओळखणारी बहुतेक प्रारूपं मात्र १६,००० सॅम्पलचा एकपदरी आवाज मागतात. दोन्हीकडची वाक्यं आधी एका मापात आणावी लागतात, तेव्हाच शिकवणी सुरू होते.

टेलिफोनच्या बाजूनं पाहिलं तर काम आणखी नाजूक आहे. भारतातली टेलिफोन व्यवस्था युरोपाप्रमाणे ए-लॉ ही संकेतपद्धत वापरते, अमेरिका आणि जपान म्यू-लॉ. ‘मराठीसाठी एक दाबा’ हे स्टुडिओत ४८,०००ला मुद्रित झालेलं वाक्य टेलिफोन यंत्रणेसाठी ८००० आणि ए-लॉमध्ये उतरवावं लागतं. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च यांच्यातला फरक बराचसा वरच्या कंपनांत असतो. फोनच्या चाळणीतून तो पुरता जात नाही. स आणि श यांचंही तसंच. पत्ता सांगताना फोनवर अक्षर न् अक्षर फोड करावी लागते ती यामुळे. गाळणी नीट असेल, तर उरलेलं निदान स्वच्छ उरतं.

अशा साधनांची खरी गरज संग्रहांना भासते. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली, आणि १९९०च्या दशकात बर्नार बेल या कामात आले, तेव्हापासूनची ध्वनिमुद्रणं १२० तासांहून जास्त आहेत. २०१७पासून पारी या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळानं त्या ओव्या टप्प्याटप्प्यानं लोकांपुढे आणल्या. १२० तासांचा आवाज सीडीच्या दर्जानं ठेवला तर ७६ गीगाबाइटच्या घरात जातो. आज हे एका छोट्या कार्डावर मावतं. त्या बायकांचा आवाज पन्नास वर्षांनी ऐकायचा असेल, तर तो दर पिढीत एका रचनेतून दुसरीत न्यावा लागणार, आणि नेताना त्यात न गायलेला स्वर शिरता कामा नये.

सॉक्सची १४.४.२ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१५मध्ये निघाली आणि मूळ प्रकल्प तिथेच थबकला. दरम्यान, २००० साली सुरू झालेलं एफएफएमपेग आवाज आणि चित्र दोन्ही हाताळू लागलं होतं आणि रोजची बरीच कामं तिकडे गेली. सॉक्स मात्र बहुतेक लिनक्सच्या भांडारांत होताच, आणि त्यात जुन्या रचनांचे जुने वाचक तसेच होते. मुद्दाम बिघडवलेली फाइल समोर येईल, असा विचार १९९१मध्ये कुणी केला नव्हता. २०१७मध्ये त्यातल्या उणिवा एकामागून एक नोंदवल्या गेल्या. त्यांतली एक एचकॉमच्या भागात होती : खास घडवलेली फाइल दिली की प्रोग्राम कोलमडायचा. मधल्या वर्षांत वेगवेगळ्या लिनक्सवाल्यांनी आपापल्या प्रतीत ठिगळं लावली, पण ती एकत्र करायला कुणी नव्हतं. २०२४मध्ये ‘सॉक्स एनजी’ या नावानं नवी शाखा निघाली आणि विखुरलेल्या दुरुस्त्या गोळा करण्याचं काम तिनं अंगावर घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायथॉनच्या ३.१३ आवृत्तीतून एआयएफएफ आणि एयू फायली हाताळणारे जुने भाग काढून टाकण्यात आले. ते सांभाळायला माणसं उरली नव्हती.

एचकॉमच्या फायली तयार करणारे मॅकिंटॉश आता संग्रहालयांत आहेत. सॉक्समधला त्यांचा वाचक अजून आहे. त्याच्या माथ्यावर २५ सप्टेंबर १९९१ ही तारीख, गुइडो व्हॅन रॉसमचं नाव आणि नावापुढे ‘इतर अनेक हातभार लावणारे’. त्याखाली त्यानं स्वतःसाठी टिपून ठेवलेलं एक राहिलेलं काम आहे, आणि त्या टिपणाच्या शेवटी कंसात प्रश्न : फाइल लिहिताना हे करायचं कसं?