एक घर, दोन पगार आणि घरभाडे-भत्ता

विलेपार्ल्यासारख्या उपनगरांत आईबाप आणि मिळवतीं मुलें एकाच छपराखालीं नांदतात, यांत नवल कांहींच नाहीं. जागांचे भाव पाहतां दुसरा मार्ग थोड्यांनाच मोकळा आहे. पण आई वा वडील स्वतः अजून नोकरींत असले, म्हणजे प्रश्न निघतो: मिळवत्या मुलीकडे राहणाऱ्या आईला आपल्या कचेरींतून घरभाडे-भत्ता घेतां येतो काय?

समजा, आई केंद्र सरकारच्या टपालखात्यांत आहे. मुलीनें स्वतः विकत घेतलेल्या घरांत ती राहिली, तर भत्ता बुडत नाहीं. घर स्वतःचें, पतिपत्नीपैकीं कोणाचें, मुलांचें वा आईवडिलांचें असलें तरी नियम आडवा येत नाहीं. मात्र तें घर मुलीला सरकारनें, नगरपालिकेनें, राष्ट्रीयीकृत बँकेनें वा आयुर्विमा महामंडळानें नोकरीनिमित्त दिलेलें असेल, तर तेथें राहणाऱ्या आईचा भत्ता बंद होतो. खोल्या तेवढ्याच, माणसें तींच. पण दुसऱ्या प्रकारांत निवाऱ्याचा भार सार्वजनिक तिजोरीनें एकदां उचललेला असतो. पतिपत्नींच्या बाबतींत नियम याहून कडक आहे. एकाला त्याच गांवांत असें घर मिळालें, तर दुसऱ्यानें वेगळें बिऱ्हाड केलें तरी भत्ता मिळत नाहीं. आईनें वेगळी जागा घेतली, तर तिच्यावर हें बंधन नाहीं.

रक्कम लहान नव्हे. मुंबई पहिल्या वर्गाचें शहर असल्यानें १ जुलै २०१७ पासून मूळ वेतनाच्या २४ टक्के भत्ता ठरला. १ जानेवारी २०२४ पासून तो ३० टक्के झाला. ५०,००० रुपये मूळ वेतनावर तो महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,००० रुपये होतो. चार वर्षें तो चुकीनें घेतला गेला, तर परत करतांना कुटुंबाची कंबर मोडेल. मे २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें जम्मू-काश्मीरमधील असेंच एक प्रकरण आलें. निवृत्त वडिलांना मिळालेल्या विनाभाड्याच्या सरकारी घरांत राहून मुलानें भत्ता घेतला होता. तोहि निवृत्त झाल्यावर ३,९६,८१४ रुपयांच्या वसुलीची नोटीस आली, आणि न्यायालयानें ती कायम केली.

भत्ता मिळणें वेगळें आणि त्यावरील प्राप्तिकर माफ होणें वेगळें. या दोहोंची गल्लत फार होते. मुलीच्या मालकीच्या घरांत फुकट राहणाऱ्या आईला भत्ता मिळेल, पण त्यावर कर पूर्ण भरावा लागेल. करमाफी प्रत्यक्ष भाडें देणाऱ्यासच, तीहि जुन्या करपद्धतींत. मुलीला खरोखर भाडें दिलें, तर तें मुलीचें उत्पन्न धरलें जातें. त्यांतून ठराविक ३० टक्के वजावट तिला मिळते. वर्षाचें भाडें एक लाखाहून अधिक असल्यास घरमालकाचा, म्हणजे येथें मुलीचा, पॅन क्रमांक आईनें कचेरींत द्यावा लागतो. माय-लेकींत पावत्या कसल्या, असें पुष्कळांना वाटतें. मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणानें २०१७ मध्यें आईला रोख भाडें दिल्याचा एका लेकीचा दावा अमान्य केला, कारण करारनामा, गृहसंस्थेला दिलेलें पत्र, बँकेमार्फत दिलेली रक्कम, यांपैकीं कांहींच पुढें आलें नाहीं.

मुलीला वसाहतींत घर मिळालें आणि आई तेथें राहावयास गेली, कीं त्याच महिन्यांत आईनें आपल्या कचेरीला लेखी कळवावें, आणि पोंच घेऊन ती जपून ठेवावी.