गव्हाचे पान तांबेरा कसा ओळखते

गव्हाच्या रोपावर तांबेऱ्याची बुरशी मुद्दाम सोडून पुढे काय घडते ते पाहत राहणे, हे वनस्पतिरोगशास्त्रातील जुने काम आहे आणि जनुके वाचणारी यंत्रे आल्यानंतरही ते संपलेले नाही. कारण एखादे वाण रोगाला टिकते की नाही, याचा निकाल शेवटी पानावरच लागतो. महाबळेश्वर येथे याच रोगाच्या अभ्यासासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे.

परीक्षेची रीत साधी दिसते, परंतु तिच्यातील प्रत्येक पायरीमागे बुरशीच्या स्वभावाचे ज्ञान आहे. लहान कुंड्यांत वाढवलेल्या रोपांचे पहिले पान पुरते उलगडले की तांबेऱ्याचे बीजाणू, म्हणजे बुरशीचा प्रसार करणारे सूक्ष्म कण, हलक्या खनिज तेलात मिसळून पानांवर फवारले जातात, आणि तेल उडून गेल्यावर रोपे रात्रभर अंधाऱ्या, दमट पेटीत ठेवली जातात. खोडावरच्या तांबेऱ्याचा बीजाणू पानावर पाण्याचा पातळ थर असल्याशिवाय रुजत नाही, म्हणून ओलावा. तो अंधारात रुजतो, पण पानात शिरण्यासाठी त्याला उजेड लागतो, म्हणून सकाळी प्रकाश. त्यानंतर रोपे साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हरितगृहात हलवली जातात आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्यांची पाने तपासली जातात.

मधल्या काळात पानाचे तुकडे ठराविक तासांनी काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता आक्रमणाचा सगळा मार्ग दिसतो. बीजाणूतून निघालेली अंकुरनलिका पानाच्या शिरांना काटकोनात वाढते, आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानाची श्वासोच्छ्वासाची छिद्रे, शिरांना समांतर ओळींत असल्यामुळे आडवे जाणाऱ्या नलिकेला एखादे रंध्र लवकर सापडते. हा शोध स्पर्शाने चालतो. घेवड्याच्या तांबेऱ्यावरील प्रयोगांत तर प्लॅस्टिकवर कोरलेला सुमारे अर्धा मायक्रोमीटर उंचीचा कंगोराही रंध्राचा काठ समजून बुरशी तेथे थांबल्याचे आढळले आहे. रंध्रावर ती फुगीर गादी तयार करते, तिच्यातून एक खुंटी आत घालते आणि आतील पेशींपर्यंत तंतू पसरवते.

येथे वनस्पतीची बाजू सुरू होते. प्राण्यांप्रमाणे अंगभर फिरणाऱ्या रक्षक पेशी किंवा प्रतिपिंडे वनस्पतीजवळ नसतात. प्रत्येक पेशीला शत्रू स्वतःच ओळखावा लागतो. त्यासाठी पेशीच्या बाह्य पटलावर ग्राही प्रथिने असतात, म्हणजे विशिष्ट रेणू अडकला की आत इशारा पोहोचवणारी प्रथिने. बुरशीच्या भिंतीत कायटिन हे द्रव्य असते, वनस्पतीच्या भिंतीत ते नसते. त्यामुळे कायटिनचा तुकडा सापडणे हा परका आल्याचा खात्रीचा पुरावा ठरतो. तो पकडणारे प्रथिन जपानी संशोधकांनी २००६ मध्ये भातात शोधले. इशारा मिळताच काही मिनिटांत पेशीत कॅल्शियमचे आयन शिरतात, बुरशीला घातक असे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू बाहेर पडतात, आणि आक्रमणाच्या जागी भिंतीला कॅलोज या शर्करेचे अस्तर चढू लागते. पानावर येऊन पडणारे बहुसंख्य सूक्ष्मजीव या पहिल्या फळीपाशीच थोपवले जातात.

तांबेरा मात्र ही फळी ओलांडण्यासाठी तयार होऊन आलेला असतो. तो पेशीची भिंत भेदतो, पण आतील पटल फाडत नाही. ते आत दाबून तेथे बोंडासारखे शोषकांग बसवतो आणि जिवंत पेशीतूनच अन्न ओढतो. याच ठिकाणाहून तो पेशीत परिणामके सोडतो, म्हणजे तिची संरक्षण यंत्रणा दाबून टाकणारी प्रथिने. गव्हाचे उत्तर दुसऱ्या फळीत आहे: पेशीच्या आत असलेली प्रतिकारक प्रथिने एखादे ठराविक परिणामक ओळखतात आणि बाधित पेशीला मरण पत्करायला लावतात. जिवंत पेशीवरच जगू शकणारा तांबेरा तिच्याबरोबर उपाशी मरतो. मिनेसोटातील एल्विन स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये या प्रतिक्रियेला अतिसंवेदनशीलता म्हटले. रोग अडवणारी वनस्पती प्रत्यक्षात अधिक हळवी असते, हे त्यांचे निरीक्षण आजही विलक्षण वाटते. पुढे २०२२ मध्ये एसआर-३५ या प्रतिकारक जनुकाच्या प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा परिणामक भेटताच त्या प्रथिनाचे पाच रेणू एकत्र येऊन पटलात कॅल्शियमचा मार्ग उघडतात, असे दिसले.

दोन आठवड्यांनी पानावर जे दिसते ते याच घटनांचे फलित असते. अंकमापनात शून्य म्हणजे खूणही नाही, त्यापुढे मृत पेशींचे बारीक ठिपके, आणि चार म्हणजे मोठ्या, विटकरी, बीजाणूंनी भरलेल्या पुळ्या. तपासणाऱ्याला या टोकांपेक्षा मधल्या खुणा अधिक शिकवतात: छोटी पुळी आणि तिच्याभोवती मेलेल्या पेशींचे कडे दिसले, तर गव्हाने बुरशीला ओळखले खरे, पण उशिरा, असा त्याचा अर्थ.

ओळखीवर उभ्या असलेल्या या संरक्षणाचे वैगुण्यही ओळखीतच आहे. अमेरिकेतील हॅरोल्ड फ्लॉर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवले, की पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असते. ते बदलले की पीक आंधळे होते. राय या धान्यातून गव्हात आणलेले एसआर-३१ जनुक जगभरातील वाणांत घातले गेले, उत्तर भारतात मोठ्या क्षेत्रावर पेरल्या गेलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही ते होते. आणि १९९८ मध्ये युगांडात ते जनुक असलेल्या गव्हावरच तांबेरा आढळला. युजी-९९ या नावाने हा प्रकार पुढे ओळखला गेला.

या संदर्भात महाराष्ट्राने लक्षात ठेवावे असे एक धान्य आहे. स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये तांबेऱ्याचे प्रकार वेगळे ओळखण्यासाठी गव्हाच्या बारा वाणांचा संच ठरवला, त्यात खपलीचा समावेश होता. साताऱ्या-सांगलीकडे पुरणपोळीसाठी राखला जाणारा हाच तो गहू. त्यातील एसआर-१३ हे जनुक युजी-९९ लाही अडवते आणि थंडीपेक्षा उबदार हवेत अधिक चांगले काम करते. तरीही त्या एका जनुकावर विसंबणे म्हणजे एसआर-३१ ची चूक पुन्हा करणे होय. एका वाणात अनेक जनुके एकत्र आणणे हाच टिकाऊ मार्ग आहे, आणि अशी जनुके जुन्या वाणांतूनही मिळत असल्यामुळे खपलीचे बियाणे शीतगृहात राखण्याबरोबरच शेतकऱ्यांनी दरवर्षी थोड्या का होईना क्षेत्रावर ते पेरत राहावे.