समास सोडायचा कुणी?

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट जमीन. असे ४० गुंठे झाले की एकर होतो. शेतकऱ्याच्या तोंडचा हा शब्द शहराच्या कडेला आला आणि त्याची 'गुंठेवारी' झाली. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), सांगली, पुणे अशा अनेक शहरांभोवती या वस्त्या आहेत. मीही अशाच एका वस्तीत वाढलो.

शहराचा विकास आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्याने होतो. त्याच्या नकाशात पिवळा रंग राहण्याचा आणि हिरवा शेतीचा. आराखड्यावर हरकती मागवतात, पण ती जाहिरात निविदांच्या शेजारी इतक्या बारीक अक्षरांत असते, की आमच्या गल्लीत ती कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. पिवळी जमीन महाग. अब्बांना सूतगिरणीच्या पगारात हिरवीच परवडली. एजंटानं फक्कीनं रेघा मारल्या आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार झाला. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येत असल्यानं खरेदीखत होईना. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहिला. म्हणजे घर आमचं, जमीन कागदावर दुसऱ्याची, आणि परवानगी कुणाचीच नाही.

एजंटाच्या नकाशात वीस फुटी रस्ता होता. तो आम्ही खाल्ला. कुणी ओटा काढला, कुणी मोरी. अब्बांनी कोपऱ्यावर जिना बाहेर घेतला.

पुढे मोजणीवाले आले. तीन फूट मागे सरा म्हणाले. घराभोवती सोडायच्या या जागेला सरकारी भाषेत 'सामासिक अंतर' म्हणतात. शाळेत वहीच्या डावीकडे आपण जो समास सोडत होतो, तोच हा. उजेड, वारा आणि वेळ आली तर आगीचा बंब आत यावा म्हणून तो सोडायचा. पण तेहेतीस फुटांतले तीन फूट कमी झाले, तर खाट कुठे टाकायची, हे नियमात लिहिलेलं नसतं. आम्ही मोर्चा काढला. घोषणा मी लिहिल्या होत्या; कवी म्हणून माझं पहिलं जाहीर लेखन तेच. मोजणीवाले परत गेले आणि आम्ही जिंकलो.

मग २००१ चा गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड शुल्क भरून नियमित करून घ्या, अशी सोय झाली. काहींनी पैसे भरले. आमच्या गल्लीत पुष्कळांनी भरले नाहीत, कारण अर्ज केला की मोजणी येणार आणि मोजणीत ओटा दिसणार. थांबा, मुदत वाढेल, असं जाणती माणसं सांगत होती. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत गेली. थांबणारे शहाणे ठरले. ज्यांनी वेळेवर भरले, त्यांच्याकडे बघून आम्ही हसलो, हेही सांगून टाकतो.

अब्बा पावसाळ्यात गेले. जनाजा उचलला आणि कोपऱ्यावर अडला. वळेना. खांदा देणारे चौघे दोन बाजूंना चालू शकत नव्हते. शेवटी पुढच्यांनी डोल हातांवर घेतला, डोक्यावरून उंच केला, तिरपा केला. आतल्या माणसाला असं तिरपं करताना सगळे गप्प होते. अडवत होता तो आमचाच जिना.

आठवड्यानं मी गवंडी बोलावला आणि जिना आत घेतला. त्यासाठी पुढच्या खोलीचा निम्मा भाग गेला. बायको अजून कुरकुरते. घण पडायला लागले तसा समोरचा शेजारी बाहेर आला.

"भाई, नोटीस आली का?"

"नाही."

"मग?"

मी त्याच्या ओट्याकडे पाहिलं. तो आत गेला.